चाळणी काळाची नव्हे, नकलनविसाची

"काळाच्या चाळणीतून जे उरते तेच खरे सोने." हे वाक्य ऐकले नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. पुस्तक प्रकाशन असो, व्याख्यानमाला असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ते कुठेतरी येतेच आणि आले की टाळ्या पडतात. मला मात्र दर वेळी एक शंका येते. या पाहुण्यांनी आयुष्यात कधी चाळणी हातात धरली असेल का? घरात पीठ चाळणाऱ्या कोणालाही विचारा. खाली पडते ते पीठ, आणि चाळणीत उरतो तो कोंडा!

विनोद बाजूला ठेवू. माझे म्हणणे असे की हे वाक्य खोटे आहे आणि त्याने नुकसान होते. ते आपल्या आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देते. जे नाहीसे झाले ते त्याच लायकीचे होते असे एकदा मानले, की जपण्याची जबाबदारी आपोआप संपते. या वाक्याविरुद्ध मी आज एक साक्षीदार उभा करणार आहे. तो तेवीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक इतिहासकार आहे आणि त्याचे पुस्तक जगातल्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. त्याचे नाव कार्डियाचा हायरोनिमस.

नाव ऐकले नसेल तर खंत करू नका. ग्रीक इतिहासकार म्हटले की आपल्याला हिरोडोटस आठवतो, फार तर थ्युसिडिडीस. या दोघांचे ग्रंथ हातात आहेत. हायरोनिमसचे म्हणता येतील असे तुकडे विसाच्या आत आहेत, तेही इतरांनी आपापल्या कामापुरते उल्लेखलेले.

आता हा माणूस कोण ते पाहू. कार्डिया हे गाव आजच्या तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर होते. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोन येथे वारला. त्याच्यामागे त्याचे सेनापती राज्याच्या वाटणीवरून जवळजवळ अर्धे शतक एकमेकांशी लढत राहिले. अलेक्झांडरचा चिटणीस युमेनिस हा कार्डियाचाच. हायरोनिमस या आपल्या गाववाल्याच्या पदरी राहिला. युमेनिस नोरा नावाच्या गढीत वेढ्यात अडकला तेव्हा वाटाघाटींसाठी वकील म्हणून गेला तो हायरोनिमस. पुढे शत्रूने युमेनिसच्या छावणीतील सामानसुमान व बायकामुले पळवली. ती परत मिळावीत म्हणून युमेनिसच्याच जुन्या कसलेल्या सैनिकांनी त्याला अँटिगोनस या एकाक्ष सेनापतीच्या हवाली केले. युमेनिसला ठार मारण्यात आले. जखमी होऊन कैद झालेल्या हायरोनिमसला मात्र अँटिगोनसने सन्मानाने वागवले आणि आपल्याकडे ठेवून घेतले. त्यानंतर अँटिगोनस, त्याचा मुलगा डेमिट्रियस आणि नातू अँटिगोनस गोनाटस अशा तीन पिढ्यांची चाकरी त्याने केली. तो १०४ वर्षे जगला, अनेक लढाया व जखमा सोसूनही अखेरच्या दिवसापर्यंत त्याची सारी इंद्रिये शाबूत होती, अशी नोंद लुशियनच्या नावावर असलेल्या दीर्घायुषी माणसांवरील पुस्तकात आहे. माझ्या वयाच्या वाचकांना याचे अप्रूप वाटेल.

या माणसाने अलेक्झांडरच्या मृत्यूपासून निदान पिऱ्हस राजाच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे इ.स.पू. २७२ पर्यंतचा इतिहास लिहिला. पन्नास वर्षांचा हा काळ त्याने स्वतः जगलेला होता. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत तो राहिला होता. वाटाघाटीला बसला होता, कैदेत पडला होता, डेमिट्रियसच्या वतीने थीब्ज शहराचा कारभार त्याने पाहिला होता. इतिहासकाराला याहून अधिक काय हवे?

इथे एखादा चतुर वाचक मला अडवील. "गुरुजी, जे पुस्तक तुम्ही वाचलेले नाही, कोणीच वाचलेले नाही, त्याची थोरवी कशाच्या आधारावर सांगता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर डायोडोरस नावाच्या सिसिलीतील लेखकाकडे आहे.

डायोडोरसने इ.स.पू. पहिल्या शतकात जगाचा इतिहास चाळीस खंडांत लिहिला. त्यातले पंधरा पूर्ण उरले आहेत: पहिले पाच, आणि अकरा ते वीस. त्याची पद्धत सरळ होती. जुन्या ग्रंथकारांची पुस्तके समोर ठेवायची आणि त्यांचा गोषवारा करायचा. त्यामुळे आधार चांगला तर डायोडोरस चांगला, आधार सुमार तर डायोडोरसही सुमार. अलेक्झांडरनंतरच्या काळाचे अठरा ते वीस हे खंड उघडले की लिखाणाचा कस एकदम बदलतो. आकडे नेमके येतात. डोंगर, नद्या, वाटा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कोणी काय केले याबरोबर का केले तेही कळते. इराणात आजच्या इस्फहानजवळच्या पॅरिटासिनी भागात युमेनिस व अँटिगोनस यांची जी लढाई झाली, तिच्यात युमेनिसकडे ३५ हजार पायदळ, ६१०० घोडदळ आणि ११४ हत्ती होते, तर अँटिगोनसकडे २८ हजारांवर पायदळ, ८५०० घोडदळ आणि ६५ हत्ती होते. कोणती तुकडी कुठे उभी होती, हेही दिले आहे. हे घरात बसून सुचत नाही. त्या छावणीत असलेल्या माणसाचेच हे लिखाण आहे, असे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले. जेन हॉर्नब्लोअर या विदुषीने १९८१ साली हायरोनिमसवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

डायोडोरसने या भागात हायरोनिमसचे नाव चार वेळा घेतले आहे. पण ते त्या घटनांतला एक माणूस म्हणून. "हे मी त्याच्या ग्रंथातून घेतले" असे सांगण्यासाठी नव्हे. शाळेत असे करणाऱ्या मुलाला आम्ही बाकावर उभे करत असू. त्या काळची रीत वेगळी होती, म्हणून डायोडोरसला फार बोल लावत नाही. पण चाळणीचे कौतुक करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की इथे गोषवारा उरला आहे आणि मूळ ग्रंथ गेला आहे. गाईड टिकले, पाठ्यपुस्तक हरवले!

त्या गोषवाऱ्यातून डोकावणारे मूळ पाहा. अलेक्झांडरचे शव नेणारा रथ कसा होता, त्याचे सोन्याचे छत कसे होते, त्याला चौसष्ट खेचरे कशी जुंपली होती, हे सारे त्यात आहे. नोराच्या गढीत घोड्यांना पळवायला जागा नव्हती, म्हणून युमेनिसने दोरांनी त्यांची पुढची बाजू उचलून धरून त्यांना जागच्या जागी घाम गाळायला लावले, ही हकिगत त्यात आहे. पेट्राच्या परिसरातील नबातियन अरबांचे सर्वांत जुने वर्णनही त्यातच आहे: धान्य पेरायचे नाही, झाडे लावायची नाहीत, दारू प्यायची नाही, घर बांधायचे नाही, मोडेल त्याला मृत्यूची शिक्षा. अँटिगोनसने मृत समुद्रातील डांबर गोळा करण्याच्या कामावर हायरोनिमसलाच नेमले होते. सहा हजार अरब वेताच्या तराफ्यांवरून आले आणि त्यांनी होड्यांतील जवळजवळ सर्वांना बाणांनी टिपले. मोहीम फसली. ही फजिती डायोडोरसच्या पानावर हायरोनिमसच्या नावासकट आहे.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. पॅरिटासिनीच्या त्या लढाईत युमेनिसच्या बाजूने हिंदुस्थानातून आलेली एक तुकडी होती. तिचा सेनापती लढताना पडला. ग्रीकांनी त्याचे नाव केटियस असे लिहिले आहे. त्याच्या दोन बायका छावणीत होत्या आणि दोघीही सती जायला निघाल्या. रिवाजाप्रमाणे एकीलाच जाता येत होते. थोरली गरोदर आहे असे सुइणींनी सांगितले, म्हणून तिला मनाई झाली आणि धाकटीला परवानगी मिळाली. थोरली केस तोडत, आक्रोश करत परत गेली. धाकटीला नवरीसारखे सजवले. तिने अंगावरचे दागिने आपल्या माणसांना वाटून टाकले. तिच्या भावाने तिला हात देऊन चितेवर चढवले. हत्यारबंद सैन्याने चितेला तीन फेऱ्या घातल्या. पाहणाऱ्यांपैकी काहींना कळवळा आला, काहींनी तिची वाखाणणी केली, आणि काही ग्रीकांनी ही चाल रानटी व क्रूर आहे असे बोलून दाखवले.

हे इ.स.पू. ३१७ च्या सुमाराचे आहे. सतीची ज्या घटनेला काळ आणि ठिकाण दोन्ही देता येतात, अशा हकिगतींत ही अगदी जुनी. राममोहन रॉय यांच्या आधी दोन हजारांहून अधिक वर्षे त्या चितेभोवती मतभेद झाला होता, हे आपल्याला त्या पानामुळे कळते. त्या मुलीचे नाव त्या पानावर नाही. डायोडोरसचा एकोणिसावा खंड हरवला असता तर ही हकिगतही उरली नसती. खंड एकवीस ते चाळीस तसे हरवलेच आहेत. मग एकोणिसावा काय अधिक "सोन्याचा" होता आणि एकविसावा काय कोंडा होता? एकाच माणसाने एकाच हाताने लिहिलेले खंड ते.

एकविसावा खंड गेल्याने काय गेले तेही सांगतो. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससची लढाई झाली. तिच्या आधी काही वर्षे चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसशी तह करून त्याला पाचशे हत्ती दिले होते. इप्ससला याच हत्तींच्या भिंतीमुळे डेमिट्रियसच्या घोडदळाला मागे वळून बापाच्या मदतीला येता आले नाही, आणि एक्याऐंशी वर्षांचा अँटिगोनस रणांगणावर पडला. त्या मोहिमेत हायरोनिमस अँटिगोनसबरोबर होता. मगधाच्या हत्तींनी पश्चिम आशियाचे भवितव्य ठरवताना पाहिलेला, आणि पुढे ते लिहून ठेवणारा इतिहासकार! त्याची हकिगत गेली, डायोडोरसने केलेला गोषवाराही गेला. आपल्याकडे प्लुटार्कच्या चरित्रातील थोडे परिच्छेद उरले. चाळणीवाल्यांनी मला सांगावे की यात टाकाऊ काय होते.

मग हा ग्रंथ गेला कसा? त्याची पहिली पायरी आपल्याला ठाऊक आहे आणि ती वाचून माझ्यासारख्या मास्तराने मान खाली घालावी अशी आहे. डायोनिशियस हा हॅलिकार्नेससचा विद्वान इ.स.पू. ३० च्या सुमारास रोमला आला आणि तिथे वक्तृत्व व भाषाशैली शिकवू लागला. शब्दांच्या मांडणीवर त्याचे एक पुस्तक आहे. त्यात तो काही इतिहासकारांची यादी देतो आणि म्हणतो की यांचे लिखाण शेवटपर्यंत वाचणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. कारण? माहिती चुकीची म्हणून नव्हे, पक्षपात म्हणून नव्हे. शब्दांची रचना गोड नाही म्हणून. त्या यादीत हायरोनिमस आहे.

त्याच यादीत पॉलिबियसही आहे. रोमच्या उदयाचा इतिहास लिहिणारा हा माणूस आज थ्युसिडिडीसच्या शेजारी बसवला जातो. त्याच्या चाळीस खंडांपैकी पहिले पाच तेवढे पूर्ण आहेत. म्हणजे परीक्षकाने दोन पेपर नापास केले. एक विद्यार्थी कसाबसा वाचला आणि वर्गात पहिला निघाला. दुसऱ्याचा पेपर फाडून टाकलेला. त्या परीक्षकाच्या निकालावर विश्वास ठेवून आपण म्हणणार का, की फाडलेला पेपर नापासच होता?

एकट्या डायोनिशियसने ग्रंथ मारला असे मी म्हणत नाही. त्याने वर्गातली आवड सांगितली आणि वर्गात जे लागते त्याच्याच नकला होतात. पपायरसच्या गुंडाळ्या कायम टिकत नाहीत, पिढ्यानपिढ्या हाताने नकलून घ्याव्या लागतात. नकलनविसाला पैसे लागतात आणि पैसे देणारा गिऱ्हाइकाकडे पाहतो. शाळेत शुद्ध अ‍ॅटिक ग्रीक शिकवायची, तिचे नमुने जुन्या अथेन्समधले. हायरोनिमस त्या अभ्यासक्रमात बसत नव्हता. पुढे गुंडाळी जाऊन पाने शिवलेले पुस्तक आले, तेव्हा जे उतरवले गेले नाही ते मागे पडले. नवव्या शतकात बायझँटियममध्ये मोठी अक्षरे जाऊन लहान जोडअक्षरे आली. तिथे पुन्हा एकदा गळती झाली. शिवाय आग, वाळवी, ओल आणि लढाया. भडक, नाट्यमय लिहिणारे ड्युरिस आणि फिलार्कस हेही त्या गळतीत गेले. रूक्षही गेले, रसाळही गेले. याला निवड कसली म्हणता?

हायरोनिमस निर्दोष होता असेही माझे म्हणणे नाही. पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराने त्याच्यावर ठपका ठेवला आहे की तो अँटिगोनसच्या घराण्याला झुकते माप देतो आणि इतर राजांविषयी आकसाने लिहितो. असेलही. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी हात आखडतोच. पण पक्षपाती साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. गैरहजर साक्षीदाराचे काय करणार?

माझा दुसरा पुरावा आपल्या घरचा आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र कित्येक शतके उल्लेखांपुरते शिल्लक होते. दंडीसारखे लेखक त्याचे नाव घेत, पण ग्रंथ समोर नव्हता. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयात शामशास्त्रींना त्याची पोथी सापडली आणि १९०९ साली तो छापला गेला. पुढे मुंबईच्या प्रा. र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, मुंबई विद्यापीठाने १९६० पासून ती प्रसिद्ध केली. १९०४ साली कोणी म्हणाला असता की "ज्याअर्थी टिकला नाही त्याअर्थी त्यात दम नव्हता," तर आज आपण त्याला काय म्हटले असते? अ‍ॅरिस्टॉटलचा अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथही असाच. तो इजिप्तमध्ये शेतीच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीवर लिहिलेला सापडला आणि १८९१ साली छापला गेला. कोण्या शेतकारभाऱ्याचे हिशेबाचे कागद पाठकोरे होते म्हणून अ‍ॅरिस्टॉटल वाचला! याला काळाचा न्याय म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, मी त्याला नशीब म्हणतो.

"पण तुकोबांची गाथा तरलीच ना?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. तरली, कारण ती लोकांच्या कंठात होती. हजारो माणसे ती रोज म्हणत होती, उतरवून घेत होती. म्हणजे तिथेही तारणारी माणसेच. काळाने होऊन काही तारल्याचे एकही उदाहरण मला माहीत नाही. काळ फक्त झिजवतो.

दुसरा आक्षेप असा की सगळेच कसे जपणार? खरे आहे, सगळे जपता येत नाही. जागा नाही, पैसा नाही, माणसे नाहीत. तसे असेल तर तसे सांगावे: "आम्हाला जमले नाही." त्यात प्रामाणिकपणा आहे. आमच्या भागातील एका वाचनालयाने काही वर्षांपूर्वी जुन्या मासिकांचे बांधीव खंड रद्दीत काढले. कारण विचारले तर सांगितले की दहा वर्षांत कोणी मागितले नाहीत, आणि त्यात महत्त्वाचे असेल ते कुठेतरी टिकलेच असेल. पहिले वाक्य मी समजू शकतो. दुसरे ऐकले आणि मला डायोनिशियस आठवला. कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, कोणी मागत नाही, म्हणून किंमत नाही! आणि "कुठेतरी" म्हणजे कुठे? प्रत्येक वाचनालय असेच म्हणू लागले तर ते "कुठेतरी" शिल्लक राहील काय?

हल्ली यावर एक नवे उत्तर मिळते: सगळे इंटरनेटवर आहे. ऑर्कुटवर किती मराठी माणसांनी किती लिहिले होते ते आठवा. ते २०१४ साली बंद झाले. माझ्या या लिखाणालाही जपणारा कोणी असेल तोवरच ते राहील. यंत्र बदलले, तरी नकलनवीस लागतोच.

तेव्हा यापुढे कोणी व्यासपीठावरून चाळणीचे वाक्य म्हणाले तर टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारावे: चाळणी कोणाच्या हातात होती? त्याला काय लागत होते? त्याने काय टाकले ते कोणी पाहिले? आणि घरी गेल्यावर माळ्यावरचे आजोबांचे बाड, गावच्या शाळेचे जुने दाखल्याचे रजिस्टर, एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचा अंक हाती लागला, तर तो रद्दीवाल्याकडे जाण्याआधी निदान एकदा शेवटपर्यंत वाचावा. कंटाळवाणा असला तरी वाचावा. हायरोनिमसही कंटाळवाणाच होता म्हणतात.